मेळघाटात सेवेला येताना: कोरकू शिकू पाहणाऱ्या नव्या सेवकांसाठी

बायबल कॉलेजचे निकाल लागले की दरवर्षी नगर, पुणे, मुंबईकडची काही मुलंमुली मेळघाटात सेवेला यायचं ठरवतात. पाठवणारी मंडळी, म्हणजे त्यांचं चर्च, निरोपाची प्रार्थना करते आणि गाडीत बसताना बहुतेकांच्या मनात एक समजूत पक्की असते: महाराष्ट्रातच तर चाललोय, मराठी येते, हिंदी येते, भागेल. बाजारात भागतं. शाळेत, तहसीलला, एसटीत भागतं. चुलीपाशी भागत नाही. चिखलदरा आणि धारणी तालुक्यांतल्या बहुतेक गावांत आई लेकराला जोजवते ती कोरकूत, नवराबायकोचं भांडण होतं ते कोरकूत, मेलेल्या माणसासाठी रडतात ते कोरकूत. तुम्ही जे सांगायला येताय ते याच ठिकाणी पोचायचं आहे.

म्हणून माझं पहिल्यापासून एकच सांगणं असतं. पहिलं वर्ष भाषा शिकणं हीच तुमची सेवा समजा, आणि पाठवणाऱ्या मंडळीलाही तसं स्पष्ट सांगून या. दर महिन्याच्या अहवालात किती सभा घेतल्या, किती घरांना भेटी दिल्या याचे रकाने असतील, तर पहिलं वर्षभर त्या जागी काय शिकलो ते लिहायची परवानगी आधीच मागून घ्या. ही परवानगी नसेल तर माणूस दुसऱ्याच महिन्यात दुभाषा घेऊन सभा घ्यायला लागतो, आणि मग भाषा कायमची राहून जाते.

निघण्याआधी

कोरकू ही मराठीची किंवा हिंदीची बोली नाही. ती मुंडा कुळातली, झारखंडच्या संथाली आणि मुंडारीच्या नात्यातली भाषा आहे आणि या कुळातली सगळ्यात पश्चिमेकडची. २०११ च्या जनगणनेत सुमारे ७ लाख २७ हजार लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली. त्यातले बरेच जण मध्य प्रदेशात, बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूर, हरदा या पट्ट्यात आहेत. गडचिरोलीची गोंडी-माडिया पुन्हा निराळी, ती द्रविड कुळातली. तिकडे जाणाऱ्यांना या लेखातली पद्धत उपयोगी पडेल, शब्द पडणार नाहीत. हेमलकशाला १९७३ साली काम सुरू झालं, तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनीही माडिया शिकून घेतली हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. दवाखान्याला जी गोष्ट लागते ती मंडळीला लागत नाही असं कसं म्हणायचं?

तुमच्या गटात झारखंडचा एखादा संथाल किंवा मुंडा भाऊ असेल तर त्याला पहिल्या आठवड्यातच कोरकू आकडे ऐकवा. सहाला ‘तुरुई’ आणि दहाला ‘गेल’ ऐकून त्याचा चेहरा खुलेल, कारण संथालीतही तेच आहेत. आपल्याला तेवढा आधार नाही. मराठी माणसाच्या ओळखीचे जे शब्द कानावर पडतील ते हिंदी-मराठीतून तिथे गेलेले असतील.

अभ्यासाला जुनं साहित्य आहे. एलिचपूरकडे, म्हणजे आजच्या अचलपूरच्या बाजूला, कोरकूंमध्ये काम करणाऱ्या मिशनचे जॉन ड्रेक यांनी लिहिलेलं कोरकू व्याकरण १९०३ साली कोलकात्यात छापलं गेलं. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०६ च्या चौथ्या खंडात कोरकूचे नमुने आहेत, आणि के. एस. नागराज यांचं व्याकरण १९९९ चं आहे. मिळालं तर एकदा चाळून या, भाषेचा सांगाडा कळतो. त्यातली वाक्यं पाठ करून मात्र येऊ नका. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावरचा उच्चार तुमच्या तोंडात एकदा बसला की गावातला उच्चार कानात शिरायला वेळ लागतो.

कोरकूच्या आधी एक टप्पा वऱ्हाडीचा आहे आणि पश्चिम महाराष्ट्रातली मुलं तो हमखास विसरतात. किराणा, औषधं, गाडीची दुरुस्ती, बँक या सगळ्यांसाठी तुम्हाला पायथ्याच्या परतवाड्याला उतरावं लागेल. तिथे ‘काहून’ म्हणजे का, ‘कुठी’ म्हणजे कुठे, ‘वावर’ म्हणजे शेत. ‘मले’, ‘तुले’ ऐकायची सवय करा. ‘जाऊन राहिलो’ म्हणजे आत्ता जातोय. ‘पोट्टे’ हा शब्द प्रेमानेच येतो, त्याने दचकू नका. कुणी तुम्हाला ‘भौ’ म्हणालं तर आपुलकी समजा. आणि तुमची पुस्तकी मराठी त्यांच्या मराठीपेक्षा शुद्ध आहे असा भाव चुकूनही चेहऱ्यावर आणू नका, तो लगेच दिसतो. धारणीच्या बाजूला बाजाराची भाषा हिंदीकडे झुकते, खंडवा-बुऱ्हाणपूरच्या वळणाची. तिथे हिंदी बोला.

सामानात मच्छरदाणी, चांगली टॉर्च, पावसाळी बूट, पाठीवरची पिशवी आणि जाड पुठ्ठ्याच्या वह्या हव्यात. मोबाइलला रेंज नसणं गृहीत धरा. जे ऐकायचं-वाचायचं असेल ते परतवाड्यातच उतरवून घ्या.

गावात उतरताना

मिशन कंपाउंडमध्ये खोली मिळत असेल तरी पहिले काही महिने गावातल्या घरात राहायचा प्रयत्न करा. कंपाउंडमध्ये संध्याकाळी मराठी सुरू होते आणि दिवसभर शिकलेलं तिथेच विरतं. कोरकू गावाची रचना शिकणाऱ्याच्या सोयीची आहे. एक लांब रस्ता, दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या ओळी, प्रत्येक घरापुढे ओसरी. संध्याकाळी ओसरीवर बसलात की अर्धं गाव ऐकू येतं.

जाण्याआधी गावचे पाटील, पोलीस पाटील, सरपंच आणि ग्रामसेवक यांना भेटा. आपण ख्रिस्ती आहोत, मंडळीच्या वतीने आलो आहोत आणि सध्या भाषा शिकायला राहणार आहोत हे पहिल्याच भेटीत सांगा. ‘सामाजिक काम’ एवढंच मोघम सांगून राहायचं आणि रविवारी प्रार्थनेला बसायचं, हे लोकांना फसवल्यासारखं वाटतं, आणि त्यांचं वाटणं बरोबर असतं. भाड्याने राहत असाल तर भाडेकराराची आणि ओळखपत्राची प्रत पोलीस ठाण्यात द्या. गाव व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असेल तर वनविभागाच्या नाक्यावरही ओळख असू द्या. रात्री जंगलाच्या रस्त्याने दुचाकीवर फिरायचा उत्साह आवरा.

कुणाच्या घरी राहताय, त्यांनी तुम्हाला काय म्हणायचं आणि तुम्ही त्यांना काय म्हणायचं, हे त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसालाच ठरवू द्या. एकदा तुम्ही कुणाचा तरी मुलगा, पुतण्या, सून, बहीण ठरलात की गावात सगळ्यांशी तुमचं नातं आपोआप लागतं. कुणाशी थट्टा चालते, कुणासमोर आवाज खाली ठेवायचा, हेही त्यावरून कळतं. ‘सर’, ‘मॅडम’, ‘पास्टर’ या हाका शक्य तितक्या लवकर बंद पाडा. सरांना कुणी भाषा शिकवत नाही, सरांसमोर हिंदीच बोललं जातं.

गुरू कोण

गावात सर्वांत चांगली मराठी बोलणारा तरुण पहिल्याच दिवशी तुमच्याजवळ येईल. बहुधा आश्रमशाळेत शिकलेला, हुशार आणि मनमिळाऊ. त्याची मदत घ्या, पण त्याच्यावर विसंबू नका. तुमची अडचण झाली की तो लगेच मराठीत सांगेल आणि तुमचं डोकं तिथेच थांबेल. खरे गुरू दोन: ज्यांना मराठी-हिंदी फार येत नाही अशा म्हाताऱ्या बाया, आणि शाळेत न गेलेली किंवा नुकती जायला लागलेली लेकरं. म्हाताऱ्यांना सवड असते आणि त्या तेच वाक्य कितीही वेळा म्हणून दाखवतात. लेकरं चूक सोडत नाहीत.

मक्याच्या दिवसांतली एक संध्याकाळ सांगते. आजी ओसरीवर पाय पसरून कणसं सोलत होती आणि सोललेली कणसं टोपल्यात टाकताना मोजत होती: मिया, बारी, अफई, उफुन, मोनोय. शेजारी तिची नात. आमच्या गटातली नवी मुलगी आजीच्या मागोमाग म्हणत होती. तुरुई, एई, इलार, अरेई, गेल इथपर्यंत गाडी आली की टोपलं पुन्हा एकपासून. मुलीचा ‘उफुन’ नातीला पसंत पडेना. नातीने कणीस खाली ठेवलं, मुलीच्या तोंडासमोर तोंड आणलं आणि ओठ कसे करायचे ते दाखवलं. पुन्हा दाखवलं. आजी काही बोलली नाही, फक्त मोजणं हळू केलं. अंधार पडेपर्यंत आकडे पाठ झाले होते, आणि कणीस, दाणे, टोपलं, सोल, टाक, दे हे शब्द वहीत न लिहिताच आले होते. आकड्यांचा तक्ता भिंतीला लावून हे होत नाही.

रोज तासभर नेमाने शिकवणारी एक व्यक्ती मात्र ठरवून घ्या आणि तिला पैसे द्या. किती द्यायचे ते उघड ठरवा, गावातल्या मजुरीच्या दराला धरून. जास्त देऊन कुणाला मिंधं करू नका, आणि फुकटही शिकू नका. निंदणी-सोंगणीच्या दिवसांत त्यांचा मजुरीचा वेळ घेऊ नका, त्यांच्यासोबत वावरात जा. पुरुष सेवकांनी पुरुष किंवा वयस्क स्त्रिया, स्त्री-सेविकांनी स्त्रिया अशीच जोडी ठेवावी आणि शिकायला ओसरीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसावं. मोबाइलवर आवाज भरून घेताना आधी विचारा आणि भरून झाल्यावर त्यांना ऐकवा. स्वतःचा आवाज ऐकून लोक खूश होतात आणि पुढची गोष्ट आपणहून सांगतात.

रोजचा क्रम

सकाळी एक तास शिकवणाऱ्या व्यक्तीजवळ बसा. सुटे शब्द गोळा करू नका, वाक्यं घ्या. ‘पाणी’ला काय म्हणतात हे विचारलं तर ‘डा’ एवढंच मिळेल. पाणी आण, पाणी प्यायलो, पाणी संपलं, पाणी गढूळ आहे, ही चार वाक्यं घेतली तर भाषेचा सांधा कळायला लागतो. ‘हे काय आहे?’, ‘पुन्हा म्हणा’, ‘हळू म्हणा’, ‘मी बरोबर म्हटलं का?’ ही वाक्यं पहिल्याच दिवशी राहत्या घरातून मिळवा, कारण उच्चार गावागावांत थोडा बदलतो आणि तुम्हाला तुमच्या गावाचाच हवा.

पहिले दोन-तीन आठवडे बोलण्यापेक्षा ऐकून करण्यावर भर द्या. शिकवणारी व्यक्ती म्हणेल बस, ऊठ, चूल पेटव, दार लाव, शेळी सोड. तुम्ही फक्त करायचं. तोंड आपोआप मागून येतं. त्यानंतर एक छोटा मजकूर रोज: मी कोण, कुठून आलो, घरी कोण कोण आहे, इथे का राहतो. पाच वाक्यांचा हा मजकूर घेऊन दुपारी गावभर फिरा आणि दहा-पंधरा घरांत तोच म्हणा. दहाव्या घरापर्यंत त्यातली एखादी चूक कुणीतरी दुरुस्त केलेली असते. दुसऱ्या दिवशी त्यात दोन वाक्यं वाढवा.

संध्याकाळी वही. डाव्या पानावर ऐकलेलं वाक्य देवनागरीत, जसं कानाला आलं तसं. उजव्या पानावर ते कुणी, कुणाला, कधी म्हटलं. शेजारी मराठी शब्द लिहायची सवय लागली की आपण मराठीत विचार करून कोरकूत उतरवतो, आणि ते वाक्य ऐकणाऱ्याला परकं लागतं.

मराठी माणसाला कुठे अडतं

वाक्याचा क्रम सोपा जातो. कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद, मराठीसारखंच. प्रत्ययही शब्दाच्या मागे लागतात. पुल्लिंगी-स्त्रीलिंगी-नपुंसकलिंगीचा जाच नाही, त्याऐवजी सजीव आणि निर्जीव असा भेद आहे. याची दुसरी बाजू ध्यानात ठेवा: कोरकू माणूस मराठी बोलताना ‘ती आला’, ‘माझा गाय’ म्हणतो, कारण त्याच्या भाषेत ही विभागणीच नाही. शाळेत यावरून मुलांचं हसू झालेलं असतं. तुम्ही हसू नका, आणि न विचारता दुरुस्तही करू नका.

अवघड जातं ते द्विवचन. एक माणूस, दोन माणसं आणि पुष्कळ माणसं यांची रूपं वेगळी. ‘कोरो’ म्हणजे माणूस, त्याला ‘कू’ लागला की अनेक माणसं, जमातीचं नाव त्यातूनच आलं. दोघांसाठी तिसरंच रूप आहे. नवराबायकोंच्या घरी गेलात आणि दोघांना मिळून बोललात तर तिथे द्विवचन लागतं. तेवढं एक जरी बरोबर म्हटलंत तरी समोरचे सावरून बसतात आणि जास्त बोलायला लागतात.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद मराठीत आहे, तो इथे कामी येतो. ऐकणाऱ्याला वगळून ‘आले’, धरून ‘आबुंग’, आणि दोघांपुरती आणखी दोन रूपं. प्रार्थना करताना याला फार महत्त्व आहे. देवाशी बोलताना ‘आमची पापं’ असंच म्हणायला हवं. तिथे ऐकणाऱ्याला धरणारं रूप आलं तर देवही पाप्यांमध्ये मोजला जातो. उपदेशात उलटं. तिथे ‘आमची’ म्हटलं की ऐकणारे वगळले जातात आणि तुम्ही फक्त तुमच्या गटाबद्दल बोलताय असं होतं. प्रार्थनेची पहिली चार वाक्यं तयार केलीत की एखाद्या कोरकू विश्वासणाऱ्यासमोर म्हणून दाखवा आणि प्रत्येक ‘आम्ही’जवळ थांबून विचारा, यात कोण कोण आलं?

उच्चारात काही शब्दांचा शेवट तुटल्यासारखा थांबतो, तर काही ठिकाणी आवाज खाली उतरतो. वहीत हे उतरत नाही. कानानेच घ्यायचं, आणि त्यासाठी भरून घेतलेला आवाज रात्री झोपताना पुन्हा पुन्हा ऐकायचा.

वर्ष कसं आखायचं

भाषा शिकायला माणसं गावात हवीत, आणि मेळघाटातली माणसं वर्षभर गावात नसतात. पावसाळ्यात शेती, त्यामुळे सगळे घरी. सिपना, खापरा, गडगा, डोलार या नद्यांना पूर आला की काही गावांचा रस्ता तुटतो. तुम्हीही अडकता, आणि शिकणाऱ्यासाठी ते चांगलंच आहे. तेव्हा जूनच्या आधी गावात येऊन पोचा, महिन्या-दोन महिन्यांचा किराणा भरून ठेवा. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं कामाला बाहेर पडतात: अमरावती-अकोल्याकडे, वीटभट्ट्यांवर, मध्य प्रदेशात सोंगणीला. गाव म्हाताऱ्यांचं आणि लेकरांचं होतं. या दिवसांत म्हाताऱ्यांकडून जुन्या गोष्टी ऐका, आणि सोबत जाता आलं तर कामाच्या ठिकाणीही एक चक्कर मारा. तिथल्या पालांत ज्यांची भेट घेतली ती माणसं विसरत नाहीत.

होळीला सगळे परततात. मेळघाटात हाच सगळ्यात मोठा सण, कित्येक दिवस चालतो. रस्त्यात फगवा मागायला बाया-पोरी उभ्या राहतात. सुटे पैसे ठेवा आणि आनंदाने द्या. मेघनाथाच्या जत्रेलाही याच सुमारास गर्दी होते. पूजेत सहभागी व्हायचं नाही हे तुमचं ठरलेलं असेल, पण म्हणून घरात कडी लावून बसू नका. पाहुण्यासारखं जा, भेटा, जेवा, लेकरांना घेऊन फिरा. मोहाची फुलं पडायला लागली की पहाटे वेचायला जाणाऱ्या बायांसोबत जा. झुडपाआड अस्वल असू शकतं, म्हणून त्यांच्या पुढे धावू नका.

मोहाच्या दारूचा प्रसंग येईलच. तिला ‘सिडू’ म्हणतात आणि ती नुसती पिण्याची गोष्ट नाही, देवाला आणि पितरांनाही वाहतात. घ्यायची नसेल तर हात जोडून ‘मी घेत नाही, चहा द्या’ म्हणा, आणि काळा चहा दिला की तो पूर्ण प्या. दारूवर भाषण देऊ नका. नव्या माणसाने नाकारलेल्या प्याल्याचा राग येत नाही, नाकारून वर शिकवण दिली की येतो.

आजारपणाची भाषा

मेळघाट आणि कुपोषण हे शब्द १९९३ पासून वर्तमानपत्रांत एकत्र येत आहेत. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आपलं आयुष्य या लोकांमध्ये घातलं, २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण डॉक्टर नसलो तरी आजाऱ्याजवळ बोलावणं येतं, म्हणून शरीराचे अवयव, दुखणं, जुलाब, ताप, किती दिवस, दूध पितं का, ही शब्दावली पहिल्या तीन महिन्यांतच पक्की करा. इतर सगळं मागे राहिलं तरी चालेल.

प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळाला घेऊन आलेली आई बाकाच्या टोकावर बसते. डॉक्टर मराठीत विचारतात, ती मान हलवते. हो की नाही ते कळत नाही. बाळ रात्रीपासून दूध ओढत नाही हे ती शेजारच्या बाईला कोरकूत सांगत असते आणि नेमकं तेच डॉक्टरांपर्यंत जात नाही. तुम्हाला ते एक वाक्य समजलं आणि तुम्ही ते टेबलाजवळ जाऊन सांगितलंत, तर त्या दिवशी तुमच्या हातून झालेली सेवा कुठल्याही सभेपेक्षा कमी नाही. आपल्या मनाचं त्यात घालू नका. आईने म्हटलं तेवढंच सांगा, आणि डॉक्टरांनी म्हटलं तेवढंच तिला.

पोट फुगलेल्या लेकराला तापलेल्या लोखंडाने डागलेलं दिसेल. त्याला ‘डंबा’ म्हणतात. बघवत नाही. तिथे आरडाओरड करून आईला दोष दिलात तर पुढच्या वेळी मूल तुमच्यापासून लपवलं जाईल. आशाताईला बोलवा, मूल दवाखान्यात न्यायला गाडीची सोय करा, भूमकाशी, म्हणजे गावच्या पुजारी-वैदूशी, वैर धरू नका. गाव त्याचं ऐकतं. ‘आधी दवाखाना, मग तुमचं’ एवढं त्याच्याकडून वदवून घेता आलं तरी लेकरं वाचतात.

कायदा, पैसा आणि सचोटी

संविधानाच्या अनुच्छेद २५ ने धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. मेळघाटाची सीमा मध्य प्रदेशाला लागून आहे आणि तिथे २०२१ चा धर्म स्वातंत्र्य कायदा आहे. नातेवाइकांसोबत बोलता बोलता सीमा ओलांडली जाते, तिकडे नियम वेगळे. महाराष्ट्रातले चालू नियमही निघण्याआधी वकिलाकडून समजून घ्या. परदेशी पाहुणे पर्यटक व्हिसावर आले असतील तर त्यांना सभेत बोलायला उभं करू नका.

कायद्याच्याही आधी आपली सचोटी आहे. औषध, धान्य, शाळेची फी, गाडीची मदत यातलं काहीही प्रार्थनेला बांधू नका. मदतीच्या वेळी प्रार्थनेचं नावही काढू नका, समोरच्याने मागितली तरच करा. आईवडिलांना न विचारता लेकरांना धर्मशिक्षण देऊ नका. उसने पैसे देऊ नका. देणेकऱ्याला तुमचा चेहरा टाळावासा वाटतो आणि तुमचा एक गुरू कमी होतो. जमातीच्या दाखल्याबद्दल लोक विचारतील. अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही, जातींच्या आदेशात आहे. एवढं माहीत असू द्या, पण सल्ला वकिलालाच देऊ द्या.

देवाविषयी केव्हा बोलायचं

लोक विचारतील तेव्हा, आणि ते लवकर विचारतात. पहिल्या महिन्यात ‘मी येशूच्या मागे चालतो, तुमची भाषा आली की नीट सांगेन’ हे एक वाक्य पुरे. ते सांगतानाच लोकांच्या लक्षात येतं की तुम्ही शिकायला बसला आहात.

सहा-आठ महिन्यांनी येशूने सांगितलेला एक दाखला, म्हणजे बोधकथा, घ्या. पेरणाऱ्याचा घ्या, तो इथे लगेच लागतो: वाट आणि तिथलं बी टिपणारी पाखरं, खडकाळ जमीन, काटेरी झुडपं, चांगली माती हे सगळं डोळ्यांसमोर आहे. द्राक्षमळ्याचा नंतर. गोष्ट आधी शिकवणाऱ्या व्यक्तीला सांगा. तिने ती तिसऱ्या माणसाला सांगायची, आणि त्या माणसाने तुम्हाला. परत आलेल्या गोष्टीत पाखरं गायब असतील किंवा पेरणाराच बदलला असेल, तर तुमचं वाक्य तिथे फसलं आहे. ते दुरुस्त करून पुन्हा फिरवा. व्याकरणाची कुठलीही परीक्षा याहून खरी नाही.

देवासाठी कोणता शब्द वापरायचा हे तुम्ही ठरवू नका. ‘गोमेज’ या शब्दामागे सूर्य-चंद्रापासूनचा मोठा विश्वास उभा आहे. तो घ्यावा की नाही हे कोरकू विश्वासणाऱ्यांनी आपसात बोलून ठरवायचं आहे, आणि जिथे त्यांचं ठरलेलं असेल तिथे तेच पाळा. गाण्यांचंही तसंच. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग-ओवी सोडली नाही, म्हणून आपल्या मंडळ्यांना आपलं गाणं मिळालं. कोरकू मंडळीला ढोल-बासरीच्या चालीवर तिचं गाणं सुचू द्या. तुमच्या आवडत्या मराठी गीताचं भाषांतर करायची घाई नको. उपासनेत पहिलं वर्ष मागे, चटईवर बसा. शास्त्रपाठ वाचायला गावचा माणूस उभा राहू दे, अडखळत का होईना.

रजेवर जाताना

मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या कामात गाव दंग असतं, तेव्हा घरी जाऊन येणं सोयीचं. निघण्याआधी राहत्या घरी आणि शिकवणाऱ्या व्यक्तीला परत यायची तारीख सांगा आणि ती पाळा. भरून घेतलेल्या आवाजांची एक प्रत गावात ठेवा, त्या गोष्टी त्यांच्या आहेत. घरच्या मंडळीत साक्ष द्यायला उभं केलं तर गावाचं दारिद्र्य रंगवून सांगू नका आणि कुणाच्या आजारी लेकराचा फोटो पडद्यावर दाखवू नका. एक कोरकू गोष्ट कोरकूतच म्हणून दाखवा, मग तिचा अर्थ सांगा. रोज अर्धा तास भरलेला आवाज ऐका, नाहीतर महिन्याभरात जिभेवरून द्विवचन सगळ्यात आधी जातं. आणि पहिला पाऊस पडून नाल्यांना पाणी यायच्या आत परतवाड्याची गाडी पकडा.